कालप्रमाणे

"सात नंबरला उद्या घरी सोडा. जखम कोरडी, गुलाबी. छान!" दारापाशी कॉम्प्युटरसमोर बसलेले डॉक्टर म्हणाले.

वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, सात नंबरच्या खाटेपाशी, पट्टीमामांच्या हातातला चिमटा थबकला. तीस वर्षं ते याच वॉर्डात जखमा धूत आणि बांधत आले होते. समोर शिंपीकाकांचा उजवा पाय उघडा होता. करंगळीची कड काळी पडलेली, शेजारच्या बोटालाही वास. साखरेच्या आजारानं बधिर झालेल्या त्या पायाला दुखणं ठाऊकच नव्हतं.

"ऐकलंत ना मामा? उद्या सुट्टी!" काका खुशीत होते. "मशीन वाट बघतंय. हा पाय पॅडलवर पडला की घर चालतं आमचं."

जखमेवर ओलं कापड झाकून मामा तरातरा दाराकडे निघाले. महिन्यापूर्वी नोंदींसाठी तो कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. त्याच्यासमोर ते कुणाचं नावसुद्धा घेत नसत. आत गेलेलं कुठे जातं, कोण बघतं, कोण फिरवतं, कुणास ठाऊक! वॉर्डची वही बंद झाली, तरी मामा रोज तीत जखमेचा रंग, वास लिहीत आणि पूर्वीसारखी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवत.

"दाखव बरं सात नंबर," डॉक्टरांशेजारी बसून नोंदी करणाऱ्या मुलीला ते म्हणाले.

पडद्यावर सोमवार ते गुरुवारच्या चार ओळी होत्या. कोरडी, गुलाबी, वास नाही. चारही हुबेहूब सारख्या.

"जखम अशी इस्त्री केल्यासारखी राहते होय गं?" मामांचा आवाज चढला. "कुणी घुसडलं हे? मी कधी सांगितलं?"

मुलगी गोरीमोरी झाली. "सोमवारी तुम्हीच सांगितलंत. नंतरही रोज विचारलं, मामा. तुम्ही म्हणायचात, 'वहीत आहे, तुझ्या डबड्याला काय करायचंय?' रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. मग मी 'कालप्रमाणे'चं बटण दाबायचे."

"आणि वही? डॉक्टर, वही नाही बघितलीत?"

डॉक्टरांनी फायलींखालून वही ओढली. मंगळवार : कड काळसर. बुधवार : वास. गुरुवार : दुसरं बोटही. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, वही बंद झाली," ते पुटपुटले आणि जवळजवळ धावतच सात नंबरकडे गेले.

मामा तिथेच उभे राहिले. इतका वेळ त्यांनी यंत्रावर संशय घेतला, मग पोरीवर घेतला. आता घ्यायला एकच माणूस उरला होता.

दुपारीच काकांची दोन बोटं काढली. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आपणहून मुलीशेजारी स्टूल ओढून बसले.

"लिही. दोन बोटं काढली. कड लाल, ओलसर. वास नाही."

"झालं?"

"नाही. तीन दिवस पट्टी करणाऱ्या ड्रेसरनं सांगितलं नाही, असंही लिही."

"अहो मामा, असा रकानाच नाही."

"खाली मोकळी जागा दिसतेय ना? तिथे. माझ्या नावानिशी."

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि टाइप केलं. मामांनी पडद्यावर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला, दोनदा.

"अजून विश्वास नाही ना याच्यावर?" तिनं हसून विचारलं.

"कुणावरच नाही गं. मला धरून."

तबक घेऊन ते सात नंबरकडे गेले. काका डोळे मिटून पडले होते. चादरीखाली बांधलेला पाय हळूहळू हलत होता, टाच खाली, चवडा खाली, टाच खाली, एका लयीत. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, ती शिवण पुरी होईपर्यंत.