न लिहिलेली फटकी

हेमकांत पार थकला होता. तीन महिने त्याने एकच आराखडा घासला. चार चौकोन काढायचे, बाण मारायचे आणि झाली सॉफ्टवेअरची रचना म्हणायचं, हे त्याला कधी पटलं नाही. नंदुरबारच्या हस्तीमलशेठच्या मिरची-व्यवहाराच्या सॉफ्टवेअरचा एकेक भाग, कुणी कुणाला काय कळवायचं, काय कधीच घडता कामा नये, सगळं त्याने गणिताच्या भाषेत मांडलं. तपासणाऱ्या प्रोग्रामने लाखभर शक्यता चाळल्या आणि कौल दिला: आराखडा निर्दोष.

त्यातला एक नियम असा. पथारीवर, म्हणजे वाळवणीच्या मैदानावर, जेवढा ओला माल उतरेल, त्याच्या हिशेबाने वाळलेलं वजन गोदामात यायलाच हवं. कमी भरलं, तर पथारी सांभाळणाऱ्याच्या नावाने इशारा.

सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर पंधराव्या दिवशी तापीबाईच्या नावाने इशारा आला. वीस वर्षं शेठची पथारी सांभाळलेल्या बाईला भर दुपारी, सगळ्या मजूर बायांदेखत घरी पाठवलं.

हेमकांतने चार दिवस नोंदी उपसल्या. हाती काही लागेना. पाचव्या दिवशी वैतागून तो पथारीवरच जाऊन बसला. बाया मिरची निवडत होत्या, अवकाळी पावसाने पांढरी पडलेली फटकी बाजूला फेकत होत्या. यंदा तिचा ढीगच ढीग! टेम्पो आला आणि ओल्या वजनात धरलेला तो ढीग न मोजताच भरून गेला. फटकी नजरेने विकायची, तिला काटा दाखवायचा नाही, ही शेठच्या पथारीवरची जुनी रीत. हेमकांत याच गावात वाढलेला, म्हणून तर ती लिहायचं त्याला सुचलंच नाही. परका असता तर निदान विचारलं तरी असतं.

"तुन्हं यंत्र तं म्हने, चूक नही," त्याने गाठलं तेव्हा शेठ म्हणाले.

"मी लिखं तेवढंच तपासं त्यानी, शेठ. फटकी मीच लिखी नही."

 शेठ म्हणाले, "जाय, तापीबाईले बलाई लय."

घरी आलेल्या हेमकांतला तापीबाईने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, चूक मन्ही शे," तो म्हणाला.

"तुन्ही चूक तू पुसी टाकशी, भाऊ. गल्लीमा माले चोर म्हनतस, ते कोन पुसी?"

हेमकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तो उठला, चपला घातल्या आणि शेजारचं पहिलं दार वाजवलं.