धडा सातवा: सदू आळशी आहे

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईत आणि बायका वाडीत, त्यामुळे महिला सक्षमीकरणाला ही जागा फार सोयीची, असं पुण्याच्या एका संस्थेच्या लक्षात आलं. संस्थेने समाजमंदिरात साक्षरता वर्ग उघडला आणि बाहेर बॅनर लावला. त्यावर एक बाई पाटी धरून हसत होती. ती वाडीतली नव्हती. बांगड्यांवरून राजस्थानकडची असावी, असं वाडीतल्या जाणत्या येसूबाईंचं मत पडलं.

बायका आधी बॅनर बघायला आल्या, मग संस्थेने दिलेल्या पंख्याखाली बसायला आल्या आणि बसल्याबसल्या वाचायला शिकल्या. शिकवायला पोलादपूरहून श्रुतिका यायची. वर्गात सगळ्यात मन लागलं ते ठकूबाईचं. दुपारी ‘वर्गात हाय’ एवढं सांगितलं की सासरा, म्हैस आणि नवरा असे तिघेही दोन तास तिला हाक मारत नसत. लग्न झाल्यापासून असे दोन तास तिच्या वाट्याला आले नव्हते. वाचता यायला लागल्यावर ती खताच्या पोत्यापासून एसटीतल्या पाटीपर्यंत सगळं मोठ्याने वाचू लागली. एसटीत तिच्या शेजारची जागा सहसा रिकामी राहू लागली.

अडचण फक्त सातव्या धड्याची होती.

संस्थेच्या पुस्तकातला हा धडा पुण्यातल्या तज्ज्ञांनी लिहिला होता. त्यांना सोपं, जोडाक्षर नसलेलं, अस्सल ग्रामीण नाव हवं होतं. ‘सदू आळशी आहे. सदू उशिरा उठतो. ... सदू कामाला लागला.’ असा तो पानभर प्रबोधनपर धडा. आता ठकूबाईच्या नवऱ्याचं नाव सदू, हे काही तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. तो आळशी आहे हेही ठाऊक नव्हतं. ते त्यांना आपोआप जमून गेलं होतं.

सदू मुंबईत वॉचमन होता. तिथे त्याला झोपेची गोडी लागली आणि कंपनीने त्याला ती घरी पुरी करायला पाठवलं. हल्ली तो समाजमंदिराच्या कट्ट्यावर आडवा असे. त्यामुळे वर्षभर वाडीतल्या बायका एका सुरात ‘सदू आळशी आहे’ वाचत, तेव्हा त्याला ते प्रत्यक्ष ऐकायला मिळे. ठकूबाई मात्र नवऱ्याचं नाव घेत नसे. ती वाचायची, “आमचे हे आळशी आहेत.” श्रुतिका ते चालवून घेई.

मग परीक्षा आली. संस्थेची अट साधी होती. वर्गातल्या सगळ्याजणी पास झाल्या तर वर्ग इथेच राहणार, वर पुस्तकांचं कपाट मिळणार. एखादी जरी नापास झाली तर वर्ग, पंखा आणि बॅनर वरंध गावाला जाणार. परीक्षा घ्यायला पुण्याहून विनीत सर आले. वाडीतल्या ज्या बाईला सगळे आजी म्हणत तिलाही ते ‘ताई’ म्हणत होते. चिठ्ठी उचलायची, येईल तो धडा मोठ्याने वाचायचा. येसूबाईंना शौचालय आलं, त्यांनी ते खणखणीत वाचलं. बाकीच्याही पार पडल्या. राहिली ठकूबाई. तिच्या चिठ्ठीत धडा सातवा निघाला.

ठकूबाईने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“आमचे हे आळशी आहेत,” ती म्हणाली.

विनीत सरांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा तेच वाचलं. सरांचं म्हणणं पडलं की ताई वाचत नाहीत, मनाने बोलतात. श्रुतिकाने त्यांना बाजूला घेऊन प्रथा समजावली. सरांना प्रथेबद्दल पूर्ण आदर होता. त्यावर त्यांनी एक अहवालही लिहिला होता. पण छापलेला शब्द तोंडून आल्याशिवाय गुण देता येत नव्हते, आणि चिठ्ठी बदलली तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता.

बायका पंख्याकडे बघू लागल्या, पाहुणा निघताना बघतात तशा. ठकूबाईचं बोट त्या शब्दावरच होतं. आपल्यापायी सगळ्यांचा वर्ग जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

कट्ट्यावर सदूने कूस बदलली. “वाच गो. नो टेन्शन. माझी परमिशन हाय.”

“तुमची कोण इचारतंय,” ठकूबाई म्हणाली. “मला नाय जमत तसं उघडं नाव घ्यायला.”

“उघडं नको ना,” येसूबाई म्हणाल्या. “उखाण्यात घे. लग्नात घेतलंस तवा कुठं लाजलीस?”

सरांनी नियम आठवून पाहिला. उखाण्याविरुद्ध नियम नव्हता. ठकूबाईने पदर खोचला, बोट दाबून धरलं आणि म्हणाली,

“सावित्रीच्या पाण्याला पावसाळ्यात जोर,
सदूराव घोरले की बुजतंय गोठ्यातलं ढोर!”

आणि त्याच दमात पुढे वाचलं, “आळशी आहे.”

बायकांनी टाळ्यांनी छप्पर उचललं. सरांनी पुस्तकात पाहून शंका काढली की ‘राव’ छापलेलं नाही.

“ते आमच्याकडून,” ठकूबाई म्हणाली आणि दुसऱ्या वाक्यावर बोट नेलं.

“पोलादपूरच्या स्टँडावर येष्टी लागली,
सदूराव उठेस्तोवर महाडाला पोचली!
...उशिरा उठतो.”

धड्यात जितकी वाक्यं तितके सदू, आणि जितके सदू तितके उखाणे. मधे सगळ्याजणी फेर धरायला उठल्या, त्यामुळे दोन मिनिटांचा धडा जवळपास तासभर चालला. विनीत सरही टाळी देत होते, फक्त ठेका चुकत होता. शेवटी ठकूबाईचं बोट शेवटच्या ओळीला आलं.

“नाचणीच्या भाकरीला सुकटीचं कालवण,
सदूराव...” इथे ती थांबली, कट्ट्याकडे पाहिलं आणि वाचलं, “कामाला लागला. देवा, ऱ्हाऊ दे त्यांना आठवण!”

सगळं समाजमंदिर कट्ट्याकडे वळलं. इतक्या बायका एकदम बघतायत म्हटल्यावर सदू उठला. उठल्यावर काय करायचं ते सुचेना, म्हणून त्याने घरी जाऊन सगळ्यांसाठी चहा करून आणला. चहा गोडमिट्ट होता. ठकूबाई पास झाली. वर्ग राहिला, पंखा राहिला, राजस्थानची बाई बॅनरवर हसत राहिली.

संस्थेने यातून धडा घेतला. नव्या आवृत्तीत नाव बदलायचं ठरलं आणि नाव सुचवायचं काम, समुदायाचा सहभाग म्हणून, वाडीकडे आलं. श्रुतिकाने बायकांना विचारून पाहिलं. रावजी, भरत, दीपक, कोंडाजी, जे नाव काढावं ते कुणाचा तरी नवरा, सासरा नाहीतर थोरला दीर निघे. बरंच शोधल्यावर वाडीत कुणाचंच कुणी नसलेलं एक नाव सापडलं. पुण्याने ते न वाचता मंजूर केलं.

नवीन पुस्तक आणि कपाट एकाच दिवशी आलं. पहिलं वाचन करायचा मान ठकूबाईला मिळाला. तिने सातवा धडा उघडला आणि कुठेही न अडखळता, खाली कापड्यात ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं,

“विनीत आळशी आहे. विनीत उशिरा उठतो.”

विनीत सर समोरच्याच खुर्चीत होते. त्यांनी पूर्ण गुण दिले.