आईच्या ऑर्किडचा उरलेला अर्धा

माझा राग वाईट आहे, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. तरी सांगते, त्या दिवशी रागावायला कारण होतं.

लोकांच्या घरी नि ऑफिसांत जाऊन मी आजारी ऑर्किडं बरी करते. बरी करते म्हणजे निम्म्या वेळा माणसांनाच झापते. बशीत पाणी साचवू नका. पानांच्या बेचक्यात पाणी राहू देऊ नका. काचेआडच्या कडक उन्हात ठेवू नका. आणि एका झाडाला लावलेली कात्री ज्योतीवर तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. लोक मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात मेलेलं झाड दाखवायला बोलावतात.

त्या सकाळी एका वकिलांच्या ऑफिसात होते. तिथल्या एका ऑर्किडच्या पानांवर काळ्या, खोलगट रेघा उमटल्या होत्या. हा विषाणू, याला औषध नाही. एक पान कापून दाखवलं आणि म्हटलं, झाड पिशवीत बांधून टाकून द्या, नाहीतर शेजारची पाचही जातील.

"पण फुलतंय की अजून," वकीलसाहेब म्हणाले.

त्यांच्याशी डोकं फोडत होते तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, आईच्या झाडाची पानं सुरकुतलीत गं."

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कात्री पिशवीत कोंबली आणि तशीच निघाले.

आई गेल्यावर तिच्या ऑर्किडचे मी दोन भाग केले होते, एक माझा, एक धाकटीचा. माझा दुसऱ्याच वर्षी गेला. घाईघाईत संध्याकाळी पाणी मारलं, ते कोवळ्या कोंबात साचलं आणि कोंब कुजला. धाकटीला मी सांगितलं, रोग आला. आता आईच्या झाडाचा तेवढा एकच अर्धा उरला होता, आणि बाईसाहेब तोही घालवायला निघाल्या होत्या.

कुंडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. चप्पल काढायच्या आधीच मी सुरू झाले.

"पाणी किती घालतेस? रोज?"

"आठवड्यातून एकदा. तू सांगितलंस तसंच."

"मग मुळं काय भुतानं कुजवली?"

झाड कुंडीतून ओढून काढलं. ज्या सालीच्या तुकड्यांत ही झाडं लावतात, त्यांचा पार चिखल झाला होता. मुळं तपकिरी, दाबली की वरचा पापुद्रा बोटांना चिकटायचा नि आत नुसता दोरा. धड मुळं चार. मी कात्री काढली आणि कचाकच कापत सुटले.

"आईनं तीस वर्षं जपलं हे! तुला साधी साल बदलता येत नाही? दोन वर्षांनी बदलायची असते, शेंबडं पोरही सांगेल!"

"दोन वर्षं तुलाच विचारतेय, बदलू का म्हणून." धाकटीचा आवाज चढला. तो सहसा चढत नाही. "दर वेळी तुझं एकच. मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस, मी येते. नवी साल आणून ठेवलीय, ती बघ कपाटावर. जगातल्या झाडांना तुला वेळ आहे, ताई. याला नव्हता."

कपाटावर खरंच पिशवी होती, न उघडलेली, वर धूळ. तरी मी नेहमीसारखी आणखी मोठ्यानं बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. त्या भरात धड मुळांपैकी दोन कापली गेली.

"ताई," धाकटी म्हणाली, "कात्री तापवून घेतलीस ना?"

पात्यावर हिरवा रस वाळला होता. वकिलांकडच्या पानाचा.

खोटं बोलता आलं असतं. कोंबाच्या वेळी बोललेच होते.

"नाही," मी म्हटलं. "सकाळी रोगट झाडाला लावली होती."

"औषध?"

"नाही."

"लागण झाली की नाही, कळणार कधी?"

"नवी पानं आली की. सहा महिने. कदाचित वर्ष."

तिनं कात्री माझ्या हातातून ओढून घेतली, गॅस पेटवला आणि पाती लाल होईपर्यंत ज्योतीवर धरली. मी कापलेलं प्रत्येक मूळ तिनं दोन बोटं वरून पुन्हा कापलं, दर कापानंतर कात्री पुन्हा ज्योतीवर. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

"माझा अर्धा रोगानं नाही गेला," मी म्हटलं. "मीच कुजवला."

तिचा हात थांबला. मग तिनं झाड उचलून माझ्यापासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं.

"हात धू. साबणानं," ती म्हणाली. "आणि यापुढे मला विचारल्याशिवाय याला हात लावायचा नाही."

मी नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुतले.