अलार्मवरची पिशवी

वाहेद गाद्या भरतो. आमच्या घरातल्या खालच्या भाड्याच्या खोलीत त्याने कापसाचे गठ्ठे आणले तेव्हा मी काही बोललो नाही. पण दाराबाहेर, जिन्याखाली धुराचा अलार्म लावतो म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

"भाऊ, कापूस हाय. लेक घरात एकटी राह्यते," तो म्हणाला.

"आमाले नाक नाई का बे?" मी म्हटलं. शेवटी कुरकुरत हो म्हणालो.

पहिल्याच संध्याकाळी अलार्म बोंबलला. माझी बायको गीता दिवेलागणीला धुपाटण्यात निखारे घेऊन घरभर धूप फिरवते. वाहेदच्या उंबऱ्यालाही दाखवते. त्याची लेक महनूर वाट पाहत दारात उभी असते. रोजच्या कल्ल्याने माझे कान किटले. मग मी धुपाआधी अलार्मवर दुधाची रिकामी पिशवी चढवू लागलो, वरून रबर. धूर गेला की काढायची. वाहेदला सांगितलं नाही. घर माझं होतं.

मंगळवारी पिशवी काढायची राहिली.

दाबून भरलेला कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. धुपाटण्यातली ठिणगीच दाराजवळच्या गठ्ठ्यात गेली असणार. बुधवारी दुपारी मी खाली उतरलो तर दाराच्या फटीतून धूर येत होता. वाहेद बाजारात होता. दार तोडून मी महनूरला बाहेर आणलं. ती शुद्धीत नव्हती. गीता रिक्षा बोलवायला धावली, तेवढ्यात मी पिशवी काढून खिशात घातली. सांगायची लाज वाटते, पण त्या घाईतही मला ते सुचलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात महनूरने डोळे उघडले. वाहेद कपडे न्यायला घरी आला आणि माझे दोन्ही हात धरून रडला.

"तुमी नसते तं पोरगी गेली असती, भाऊ. मशीनच खराब निघालं. मीच हलकं आणलं."

अलार्म काढायला तो स्टुलावर चढला. अंगठा तपासणीच्या बटणावर पडला आणि अलार्म रोजच्यासारखाच कर्कश वाजला.

"हे तं चालू हाय," तो म्हणाला. "मंग त्या दिवशी काऊन नाई वाजलं?"

गीताने जिन्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी वर गेलो, खुंटीवरच्या सदऱ्यातली पिशवी आणून त्याच्या हातात दिली. रबर तिला तसंच होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पिशवी अलार्मवर चढवून पाहिली. ती बरोबर बसली.