पालथं घमेलं

रविवारी संध्याकाळी वाघोलीच्या खाणवस्तीत उत्तरेश्वरच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आत टीव्हीवर रत्नांच्या खाणींची मालिका लागलेली असे. गाढवसुद्धा चढायला कुरकुर करील अशा आडवळणाच्या डोंगरांत जाऊन खरीखुरी माणसं खडक फोडायची, माणकं आणि पाचू काढायची, आणि कॅमेरा त्यांच्या मागं मागं हिंडायचा. उत्तरेश्वर खाटेवर मांडी घालून एकेकाचा निकाल लावायचा. ह्यानं पहार चुकीची धरली, त्यानं सुरुंग जास्त भरला. वस्ती माना डोलवायची, कारण पस्तीस वर्षांत इथल्या खाणीतली सगळ्यांत देखणी फुलं उत्तरेश्वरनंच काढली होती.

फुलं म्हणजे दगडातली. खडीच्या काळ्या खडकात मधूनच एखादी पोकळी लागते आणि तिच्या आत स्फटिक उमललेले असतात. पांढरे पुष्कळ, हिरवट थोडे, निळं फूल एखादंच. बाकीच्यांना पोकळी कळायची ती घण बसून आतल्या फुलांचा चुरा झाल्यावर. उत्तरेश्वरला आधीच कळायची. जुन्या मुकादमानं त्याचं नाव ‘दगडाचा कान’ ठेवलं होतं, आणि ते नाव तो पागोट्यासारखं मिरवत असे.

खरी गोष्ट मात्र दोघांनाच ठाऊक होती. घण मारायचा तो, आणि ऐकायची त्याच्या मागं खडी फोडत बसलेली तुळजाबाई, त्याची बायको. दगडाचा आवाज बदलला की ती घमेलं पालथं घालायची. ते दिसलं की हा थांबायचा, खडकाला कान लावल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, इथं पोकळ हाय. मुकादम बाईमाणसाचं ऐकत नसे म्हणून ही युक्ती तिनंच काढलेली. पुढं मुकादम गेला, युक्ती राहिली, आणि नाव नवऱ्याला चिकटलं ते चिकटलंच. तुळजाबाईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

त्या मालिकेची माणसं एक दिवस वाघोलीत उतरली. खाण महिनाअखेर बुजवून वर इमारती उठणार होत्या, त्याआधी तिच्यावर मालिकेचा एक भाग करायचा होता. कल्याणी नावाची मुलगी सगळ्यांना कामाला लावत होती. मागची आयटी कंपनीची काचेची इमारत चित्रात येऊ नये म्हणून तिनं कॅमेरा चार वेळा हलवला. जागा दुर्गम वाटायला हवी, असं तिचं म्हणणं. उत्तरेश्वरनं गंभीरपणे सांगितलं की शेअर रिक्षा दर दहा मिनिटांनी मिळते, तेवढी दुर्गम आहे.

पूर्वेकडची एक भिंत तेवढी फोडायची राहिली होती. तिच्यात मोठं काही आहे, असं तुळजाबाई काम बंद पडायच्या आधीपासून म्हणत होती. दगड फोडायचं मशीन एकाच दिवसासाठी आणलेलं. उत्तरेश्वरनं जागा दाखवायची आणि मशीननं तिच्या कडेकडेनं फोडायचं. जागा चुकली तर आतल्या फुलाची माती, आणि खाणीला दुसरा दिवस नव्हता.

तुळजाबाई नेहमीसारखी घमेलं घेऊन त्याच्या मागं बसली. कॅमेरावाला अभय म्हणाला, “मावशी, तुम्ही फ्रेममध्ये येताय. जरा तिकडं सावलीत बसता का?”

ती उठली आणि गाड्यांच्या पलीकडं जाऊन बसली.

उत्तरेश्वरनं भिंतीवर हातोडी मारली. इथं मारली, तिथं मारली. त्याला सगळा दगड एकाच आवाजात बोलत होता. मागं वळून पाहिलं, तर घमेल्याच्या जागी कॅमेऱ्याची काळी काच. सगळे बघत होते. त्यानं खडूनं एक गोल काढला आणि म्हणाला, “हितं हाय. बाजूनं फोडा.”

मशीन धडधडायला लागलं. पहिला कपचा खाली आला, त्याला एका कडेनं पांढरा थर होता. पोकळीची साल. म्हणजे पोकळी गोलात नव्हती, मशीनच्या तोंडाखालीच होती. आणखी दोन दणके, आणि सगळं संपलं असतं. फूल फुटलं तर कुणी त्याला बोल लावला नसता. दगड आहे, फुटायचाच. नाव शाबूत राहिलं असतं.

“थांबवा,” तो ओरडला. मशीन थांबलं. कल्याणी धावत आली. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. “कान माझा न्हाई. कधीच नव्हता. तिकडं गाड्यांमागं बसवलाय तुमी.”

तुळजाबाई आली. आल्या आल्या तिनं जनरेटर बंद करायला लावला. मग पाणी मारून भिंत भिजवली आणि लहान हातोडीनं टकटक करत, कान देत, जागा हुडकू लागली. खडूच्या गोलापासून दोन वीत खाली थांबली. मशीनवाल्याला म्हणाली, आता तू जेवून घे बाबा. उत्तरेश्वरला छिन्नी दिली आणि बोटानं दाखवत गेली: इथं एक, हळू, आता वर. टीव्हीसमोर बसून साऱ्या जगाचे निकाल लावणारा तो माणूस मुकाट्यानं मारत होता. एवढी वर्षं जिच्या घमेल्याकडं पाहिलं, तिचे हात तो पहिल्यांदाच असे जवळून पाहत होता. शेवटचं तोंड तिनं लोखंडानं उघडलंच नाही. बाभळीची काटकी घेतली, कण कण कोरला, खाली ओलं पोतं धरलं.

दुपार कलली तेव्हा झाकणासारखा एक पापुद्रा सुटून तिच्या तळव्यावर आला. आत दुधासारखे पांढरे स्फटिक, आणि त्यांवर बोराएवढे निळे गोंडे, एकही न दुखावलेला. अभय कॅमेऱ्यातून डोळा काढून नुसता बघत राहिला.

“मावशी, हे तुम्हाला कसं कळलं?” कल्याणीनं विचारलं.

“भरलेली घागर नि रिकामी घागर तुला कळत न्हाई व्हय?” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दोन महिन्यांनी तो भाग लागला. दार माणसांनी भरून गेलं. पडद्यावर तुळजाबाईच तुळजाबाई. उत्तरेश्वरची कोपरापासून पुढची बाही तेवढी दिसली. शेजारच्या यमुनाबाईला राहवलं नाही.

“काय वो दाजी, दगडाचा कान कुटं गेला?”

“आत भाकरी थापतोय,” उत्तरेश्वर म्हणाला. खाटेवर आज त्यानं पाव्हण्यांना बसवलं होतं, आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसला होता.

त्याला लागूनच पुढचा भाग सुरू झाला, तो कुठल्याशा बर्फाळ डोंगरातला होता. दाढीवाला एक माणूस घण घेऊन कड्याला भिडला. एक घाव, दुसरा घाव. आतून परातीवरची थापथाप थांबली.

“त्याला म्हणावं थांब,” तुळजाबाईचा आवाज आला.

पडद्यावरच्यानं ऐकलं नाही. तिसरा घाव बसला, कडा ढासळला आणि आतून हिरव्या काचांचा चुरा खळखळत खाली आला. सगळी वस्ती पडद्याकडं पाठ करून स्वयंपाकघराकडं बघायला लागली. आत थापथाप पुन्हा सुरू झाली होती.