ड्रायव्हर सोडून चार

आमच्या घरात सहलीचा खर्च मांडायचा तो अप्पांनीच, यावर कधी वाद झाला नाही. अप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी सहलीची बस चालवली. शाळांच्या सहली, ऑफिसांच्या सहली, निवृत्त लोकांच्या मंडळांच्या सहली. पाणी किती घ्यायचं, सुटे पैसे किती ठेवायचे, कोण वळणावर ओकणार, हे ते, माणूस बसची पायरी चढत असतानाच सांगतात. आणि खरं निघतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

माझा नवरा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. त्याच्या हातात हिशेब दिला तर तो प्रत्येक आकड्यापुढे 'अंदाजे' लिहितो. मी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. मला हिशेब येतो, पण मी चिडते. आकडा मोठा दिसला की कोणीतरी मुद्दाम माझ्या वाईटावर टपून तो मोठा केलाय असं मला वाटतं. तेव्हा अप्पाच बरे.

सहल साधीसुधी नव्हती. परदेशात जायचं होतं, ते मोठमोठ्या पाळण्यांचं पार्क असतं ना, तिथे. आमच्या दोन मुली, ताई आणि चिंगी, गेली दोन वर्षं त्याच एका पार्कचा धोशा लावून बसल्या होत्या. ताईला 'उडता अजगर' नावाच्या पाळण्यात बसायचं होतं, जो माणसाला उलटं करून वर पैसेही घेतो. चिंगीला अस्वलाबरोबर नाश्ता करायचा होता. म्हणजे अस्वलाच्या वेषातला माणूस येतो, पोरांशी हात मिळवतो, फोटो काढतो आणि जातो. त्याचे पैसे ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते. त्या पैशात मी अस्वलाचं अंगभर वॅक्सिंग करून दिलं असतं.

पण पैसे साठवले खरे. माझ्या टिपा क्रीमच्या रिकाम्या बरणीत पडत होत्या. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशीही कामं घेतली. अप्पा पेन्शनमधला वाटा न बोलता टाकत होते. आणि एका संध्याकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळा खर्च मांडला आणि ते पान फ्रिजवर लावलं. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं, खाणंपिणं, अस्वल, औषधं, माझी खरेदी, आणि सगळ्यात खाली 'आइस्क्रीम, हट्ट वगैरे'.

"बसलं," अप्पा म्हणाले. "सगळं बसलं. वर हट्टालाही उरलेत."

पोरींनी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याने फक्त खालची बेरीज पाहिली आणि अप्पांची पाठ थोपटली. मी एकेक ओळ वाचली, चुकूनसुद्धा कुठे नावं ठेवायला जागा सापडली नाही, म्हणून जरा हिरमुसले. अप्पांनी माळ्यावरून बॅगा काढल्या, त्यांच्या चेनला मेणबत्ती घासली. प्रथमोपचाराची पेटी भरली. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

आमची तिकिटं काढणारी एजंटबाई माझीच गिऱ्हाईक. ती केस रंगवायला आली तेव्हा डोक्यावर रंग थापून घेता घेता मोबाइल बघत म्हणाली, "मग चौघांचं नक्की करून टाकते हं आज. भाव वाढायच्या आत."

"पाच जणांचं," मी म्हटलं.

"अप्पांनी चौघांचा आकडा दिलाय. मी त्यावरच तर सगळं काढून दिलं त्यांना."

माझा ब्रश तिच्या कानावरच थांबला. त्या पानावरची ओळ न् ओळ मी वाचली होती, पण पैसे वाचले होते, माणसं मोजली नव्हती. पासपोर्ट तर पाचही जणांचे काढून ठेवले होते. मग एक माणूस कुठे गेला? आणि कोण गेला हे कळायला मला वेळ लागला नाही. पारा चढला तो थेट टाळूपर्यंत.

"जरा बसा," असं तिला सांगून मी आत गेले. नवरा टेबलाशी बसून कुठल्यातरी मशीनचा पंप उघडत होता.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "बेरीज बसावी म्हणून बापाला वगळलंस?"

त्याने मान वर केली. "कुणाला वगळलं?"

"अप्पांना! तिकिटं चारच आहेत!"

तो उठला, फ्रिजपाशी गेला, पान वाचलं. पहिल्यांदाच नीट वाचलं असणार. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचाही चेहरा लाल झाला होता. "तू सांगितलंस ना त्यांना? त्यांचे गुडघे, त्यांचं वय, असलं काहीतरी बोलली असशील."

"मी? मी बोलले असते तर सगळ्या गल्लीला ऐकू आलं असतं!"

हे त्याला पटलं. माझ्या स्वभावाचा उपयोग झाला तो एवढाच. दोघंही एकमेकांवर एकाच गोष्टीसाठी भडकलो होतो हे लक्षात आल्यावर भांडायला काही उरलं नाही. आम्ही मुकाट्याने मागच्या ओट्यावर गेलो. अप्पा पाण्याच्या बाटल्या धुऊन उन्हात उलट्या ठेवत होते. दोघी पोरी बाजूला बसून प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी चिकटवत होत्या.

"अप्पा," नवऱ्याने विचारलं, "आपण किती जण जाणार आहोत?"

"हे काय विचारणं झालं?" अप्पांनी ओल्या बोटांवर मोजलं. "तू, सूनबाई, ताई, चिंगी. चार."

"आणि तुम्ही?"

"मी?" अप्पा हसले. "मी आहेच की!"

अप्पांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे, मग पुन्हा आपल्या बोटांकडे. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. कान लाल झाले.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी स्वतःला धरलंच नाही."

म्हणजे त्यांनी त्याग वगैरे काही केला नव्हता! मी उगाच नवऱ्यावर तोंड टाकलं होतं. ते येणारच होते. चेनला मेण लावलेल्या बॅगांत त्यांचीही बॅग होती. फक्त मोजताना स्वतःला सोडायची हाताला सवय झालेली.

"बस सुटायच्या आधी आरशात बघून डोकी मोजायची," ते आम्हाला समजावून सांगू लागले. चूक कबूल करताना माणूस जसा जास्तच बोलतो तसे बोलत होते. "आत बसलेल्यांसाठीचा तो मोठा आरसा असतो ना वर? त्यात मागचे सगळे दिसतात. शेवटच्या बाकापर्यंत. फक्त मी दिसत नाही. आणि तिकीट तरी कुठे असतं ड्रायव्हरला? खर्च मांडायचा तो माणशी. ड्रायव्हर सोडून." त्यांनी ओले हात लेंग्याला पुसले. "एकही सहल चुकली नव्हती माझी आजवर. घरचीच चुकावी ना."

"मग काय झालं," मी म्हटलं, "पाच करा."

ते आत गेले, पेन्सिल घेऊन पानासमोर उभे राहिले. ओळीमागून ओळ पाच केली. हट्ट संपला. आइस्क्रीम संपलं. तरीही आकडा आमच्या बरणीबाहेर गेला, चांगलाच गेला. अप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले, "मग मी घर सांभाळतो. तुम्ही जाऊन या."

"अजिबात नाही," आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"बरं, मग असं करू. विमानाचं काढा. खोलीत मी कुठेही मुरकुटून पडेन. पण पार्कच्या आत जायचं तिकीट नको. तेच महाग आहे. तुम्ही आत जा, मी बाहेर थांबतो. मला सवय आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"पार्किंगमध्ये. झाड असतंच कुठेतरी. बाकी ड्रायव्हर असतात, गप्पा होतात. मोठ्या पार्कांची पार्किंगं फार छान असतात." ते खरंच मनापासून सांगत होते. "कितीतरी पार्कांवर लोक नेले मी."

चिंगी त्यांच्या हाताला लोंबकळली होती. तिने विचारलं, "मग त्या पार्कांत आत काय काय असतं, आजोबा?"

अप्पा थांबले. "आवाज येतो," ते म्हणाले. "आधी घरघर होते. मग सगळे एकदम ओरडतात. मग हसतात." थोडा विचार करून म्हणाले, "भिंत उंच असते गं. पण हसतात हे नक्की ऐकू येतं."

माझा आवाज चढला. "ऐका अप्पा," मी म्हटलं, "परदेशात जाऊन तुम्ही पार्किंगमध्ये बसणार असाल तर मी आत्ताच सगळं रद्द करते. बरणीतल्या पैशांतून खुर्च्या आणते पार्लरला. आयुष्यभर लोकांना दारापर्यंत पोचवलंत, आता पुरे! यावेळी तुम्ही ड्रायव्हर नाही आहात. पॅसेंजर आहात. आत यायचं म्हणजे यायचं."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. नवऱ्यावर ओरडायचे ते त्यांना ऐकू जायचं, तेवढंच.

नवऱ्याने पेन्सिल त्यांच्या कानावरून काढून घेतली. "पार्कातलं हॉटेल नको," तो म्हणाला आणि ओळ खोडली. "बाहेर राहू. बसने जाऊ सकाळी." अप्पांनी बस हा शब्द ऐकून मान डोलावली. मी माझी खरेदी खोडली, जी त्या पानावर 'सूनबाई, इतर' या नावाने होती. तरी घोडं अडलंच. राहिलं होतं ते अस्वल. सगळ्यांनी अस्वलाच्या ओळीकडे पाहिलं. पोरीने दोन वर्षं त्या अस्वलाशी काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

चिंगीला वाचता येतं, बेरीजही येते. ती पुढे झाली, ओठ मुडपून तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अस्वल आत काय हिंडतच असेल ना?" तिने विचारलं. "नाश्ता नाही केला तरी दिसेल?"

"दिसेल की," ताई म्हणाली. "मी शोधून देईन तुला."

"मग खोडा त्याला. पण अजगरात आजोबा माझ्या शेजारी बसणार."

"मी?" अप्पा दचकले. "उलटं करतात ना त्यात?"

"उलटंच करतात!" पोरी ओरडल्या.

"पट्टा असतो का?"

"असतो."

"चालवणारा नीट बघून चालवतो का?"

"अप्पा!" मी म्हटलं.

त्यांनी अस्वलाच्या ओळीवर स्वतः रेघ मारली, बेरीज केली, पुन्हा तपासली. बसली. हट्टासाठी काही उरलं नाही, पण आमच्या घरात हट्ट फुकटच चालतो.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली, "अहो, माझं डोकं!" मी धावले. एजंटबाईच्या केसांवर रंग ठरल्यापेक्षा फारच जास्त वेळ राहिला होता. धुतल्यावर केस असे काळेकुळकुळीत निघाले की माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र आरशात इकडून तिकडून बघत म्हणाली, "अगंबाई, किती तरुण दिसतेय मी!" नशीब माझं. मी तिला पाच तिकिटं सांगितली आणि रंगाचे पैसे पूर्ण घेतले.

व्हिसाला नवे फोटो हवे होते. त्या दिवशी मी पार्लर सकाळीच उघडलं आणि आधी घरचीच गिऱ्हाइकं घेतली. ताईच्या वेण्या झाल्या, चिंगीच्या बटा कापल्या, नवऱ्याच्या कानावरचे केस उडवले. शेवटी अप्पांना खुर्चीत बसवलं. ते या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होते. त्यांचे केस कोपऱ्यावरचा न्हावी कापतो, आणि बायकांच्या खुर्चीत बसायचं म्हणून ते जरा लाजलेही. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. समोर भिंतभर आरसा. ताई डावीकडे, चिंगी खुर्चीच्या हातावर, नवरा दाराला टेकून, मी मागे कात्री घेऊन.

"निघायचं ना लवकर?" नवरा म्हणाला. "फोटोवाल्याकडे गर्दी होईल."

'निघायचं' हा शब्द ऐकला आणि अप्पांची नजर आपोआप आरशात वर गेली. मला दिसलं. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. चारवर थांबले, नेहमीसारखे. मी कात्री धरून तशीच उभी राहिले.

मग त्यांची नजर आरशात खाली आली. पांढरं कापड गुंडाळलेला, अर्धे केस कापलेला एक म्हातारा समोर बसला होता. त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. कापडाखालून एक बोट बाहेर आलं आणि आरशातल्या त्या माणसाकडे रोखलं गेलं.

"आणि हा एक," अप्पा म्हणाले. "पाच."

"हलू नका," मी म्हटलं, "कान कापला जाईल." मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून डोळे पुसले आणि मगच उरलेले केस कापले.