दुसऱ्याचं हेल्मेट

आधीचं

माझा नवरा चष्म्याचा दुकानदार आहे. त्याला जवळचं दिसत नाही. एवढ्यात त्याचं सगळं चरित्र आलं, पण तुम्हाला घाई नसेल तर पुढे सांगते.

लांबचं घारीसारखं दिसतं. वय सत्तेचाळीस. दिवसभर गिऱ्हाइकांना समजावतो, "अहो, चाळिशी लागली तर त्यात लाजायचं काय? केस पिकतातच की." स्वतःचे केस काळे करतो. बारीक अक्षरात काही आलं की माझ्याकडे सरकवतो. "हे जरा बघ गं, मला एक फोन करायचाय." पंचवीस वर्षांच्या मुलीनेसुद्धा ओळखलं असतं. मी तर चष्मेवाली आहे.

गेली दोन वर्षं तो पहाटे उठून पोहतो, मग सायकल चालवतो, मग पळतो, मग त्याबद्दल बोलतो. चारांतला सगळ्यात लांब पल्ला शेवटच्याचा. शटर मी उघडते, डोळे मी तपासते, काचा मी घासते, फ्रेमच्या वाकड्या दांड्या मी सरळ करते. हा अकराला येतो आणि काउंटरवर बसून उकडलेली अंडी सोलतो. टरफलं चष्म्याच्या डब्यांत.

स्पर्धा परदेशात होती. तळ्यात पोहायचं, मग सायकलवर अख्खा प्रदेश पालथा घालायचा, मग मॅरेथॉन, सगळं एकाच दिवसात. अशीच एक स्पर्धा आमच्या शेजारच्या शहरातही होते. पण जवळचं त्याला दिसत नाही, सांगितलंच.

यात माझा स्वार्थ एकच. मला कॉन्टॅक्ट लेन्सचा कोर्स करायचाय. साध्या लेन्सचा नाही. ज्यांची बुबुळं शंकूसारखी पुढे आलेली असतात त्यांना लेन्स कशी बसवायची, ते शिकवतात. सहा महिने, दुसऱ्या शहरात. मला जागा मिळालीय आणि एक तारखेला वर्ग सुरू होतोय. दुकानात कोण बसणार यावर आमचं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं.

"ही एक पुरी करू दे. मग मी दुकानात, तू कॉलेजात."

"आणि नाही झाली तर?"

"तर पुढच्या वर्षी परत उतरणार. तोवर तुझं थांबव. कोर्स काय पळून जातोय?"

कोर्स पळत नाही. आमच्या घरात पळणारा एकच.

म्हणून त्या तळ्याकाठी जमलेल्या हजारो लोकांत माझ्याएवढी कळकळ कुणालाच नसेल. मला हा माणूस शेवटच्या रेषेपलीकडे गेलेला हवा होता. रांगत का होईना.

पोहणं

"अगं, निघाला का पाण्यातून?" घरून सासूबाईंचा फोन.

"निघाला हो, आई."

"टॉवेल दिलास?"

"द्यायचा नसतो. बाहेरच्या माणसाने काही दिलं की बाद करतात."

"तू बाहेरची?"

"हो."

"बायको बाहेरची! कसले मेले नियम. त्याला सांग, कानात पाणी राहू देऊ नकोस. लहानपणी फार कान फुटायचे त्याचे."

"तो लांब आहे, आई. तंबूत गेला कपडे बदलायला."

"मग मोठ्याने सांग."

कपडे बदलणं

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण सगळा घोटाळा इथलाच आहे.

तंबूत हुकांच्या लांबच लांब रांगा असतात. प्रत्येक हुकाला निळी पिशवी. पिशव्या सगळ्या सारख्या, प्रत्येकीवर नंबराचा छोटा चिकट कागद. पाण्यातून आलेल्याने आपली शोधायची, आतलं हेल्मेट घालायचं, मोजे घालायचे आणि सायकलकडे पळायचं. पिशवी ज्याची त्याने आदल्या दिवशी भरून टांगायची.

आमची मी भरली. दोन वर्षं मीच भरतेय. हेल्मेट मी आणलं, मोजे मी घडी केले. पिशवीत काय आहे हे त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, सामान. टांगायला मात्र स्वतः गेला, फोनवर क्लबातल्या कुणालातरी 'मानसिक तयारी' समजावत.

मी म्हटलं होतं, "लाल रिबीन बांधू का खुणेला? सगळे बांधतायत."

"मी काय शाळेतली मुलगी आहे? नंबर वाचता येतो मला."

आमचा नंबर तीनशे अठ्ठ्याऐंशी.

सायकल

तंबूतून तो बाहेर आला आणि मी जाळीच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवायला लागले आणि टाळ्या वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की याच्या पायात पिवळे मोजे आहेत, पिवळे, त्यावर लिंबाच्या फोडी, आणि मी तर काळे दिले होते, आणि डोक्यावरचं पांढरं हेल्मेट आमच्यासारखंच पण भुवयांपर्यंत खाली आलेलं, लावलेला पट्टाही हनुवटीखाली लोंबतोय, आणि हा माणूस छाती काढून माझ्यासमोरून गेला आणि जाताना हात वर करून दोन बोटं दाखवली, विजयाची.

कुणाचेतरी मोजे घालून.

मग ती बाहेर आली. पन्नाशीची, धिप्पाड, अनवाणी. हातात उघडी निळी पिशवी. पिशवीत काळे मोजे, मी घातलेली घडी तशीच. आमचं हेल्मेट ती डोक्यावर दाबून बघत होती आणि ते टाळूवर टोपीसारखं नुसतं बसत होतं. दाराशी निळ्या बनियनमधला पंच होता. त्याने मान हलवली. हेल्मेट नीट बसल्याशिवाय सायकलला हात लावू देत नाहीत. ती तंबूकडे, आपल्या पायांकडे, आकाशाकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होती. बाकीचे तिच्या बाजूने सटासट निघून जात होते.

मला माहीत होतं. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मी गप्प राहिले असते तर? मान वळवायची, तळ्याकडे बघायचं. ती बाद, हा पुढे. एक तारखेला मी वर्गात.

आणि तेव्हा मला शिसारी आली. त्याची येतेच, ती सवयीची आहे. ही माझी स्वतःची होती. एक चांगली धडधाकट बाई परक्या देशात जाळीला चिकटून उभी राहते, आणि तिला शिकायला मिळणार की नाही हे लिंबाच्या मोज्यांतल्या दोन पायांवर ठरणार? आणि हे मी मान्य केलं होतं! वर बॅगाही भरल्या!

मी पंचाला हाक मारली. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. इंग्रजी दोघांचंही जेमतेम, त्यामुळे कामाचं तेवढंच बोललो.

"तिचं हेल्मेट माझ्या नवऱ्याने नेलंय."

"नक्की?"

"मोजेसुद्धा."

रस्ता तळ्याला वळसा घालून पुन्हा आमच्यासमोरूनच जायचा. पंचाने शिट्टी फुंकली, हा थांबला. धापा टाकत, भयंकर चिडलेला.

पंच भला माणूस होता. म्हणाला, "चूक होते. हेल्मेट बदला, थोडा दंड लागेल, पुढे जा."

एवढंच होतं. दोन मिनिटांचं काम. ती आमचं हेल्मेट पुढे करून उभीच होती.

"हे माझंच आहे," माझा नवरा म्हणाला.

"पुढच्या बाजूला नंबर आहे. वाचा."

त्याने हेल्मेट काढलं. डोळ्यांसमोर धरलं. मग थोडं लांब. मग आणखी लांब. हात संपला.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी," तो ठणकावून म्हणाला.

तीनशे अडुसष्ट लिहिलं होतं. मला जाळीतून दिसत होतं.

"अरे, अडुसष्ट आहे ते!"

"तू मध्ये बोलू नकोस. माझी वेळ जातेय."

मी पर्समधून माझा जवळचा चष्मा काढून पंचाला विचारलं, "हा दिला तर चालेल का? वाचण्यापुरता?"

पंच हसला. "वाचायला चालेल."

"घे. लाव आणि वाच."

"वेडी आहेस का? कॅमेरे आहेत इथे."

"मग दे तिला तिचं आणि सूट."

"लोकांसमोर मला आंधळा ठरवतेस?"

"आंधळा नाही रे. सत्तेचाळीस."

त्याने हेल्मेट परत डोक्यावर चढवलं आणि पायडलवर पाय ठेवला. पंचाने हँडल धरलं. माझ्या नवऱ्याने त्याचा हात झटकला. झालं, संपलं. पंचाने वाकून त्याच्या घोट्यावरची वेळ मोजायची पट्टी सोडवली. त्या बाईने त्याच्या डोक्यावरून हेल्मेट उचललं, लहान मुलाची कानटोपी काढतात तसं, आपल्या डोक्यावर घट्ट बसवलं आणि अनवाणी सायकलकडे पळत सुटली.

मोजे परत मागितले नाहीत. मीही मागितले नसते.

धावणं

हा भाग झाला नाही.

खोली

दुपारभर तो हॉटेलच्या पलंगावर पालथा पडून होता. मग उठून फोन माझ्याकडे सरकवला.

"क्लबला कळव. लिही, यांत्रिक बिघाड."

"कशात?"

"सायकलमध्ये. आणि लिही, पुढच्या वर्षी जोमाने."

"तुझा तू लिही. अक्षरं मोठी करून दिलीयत फोनवर."

"तू सांगितलं नसतंस तर मी आत्ता पळत असतो," तो म्हणाला. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. ठरल्याप्रमाणे तुझं आता पुढच्या वर्षी."

मी माझा फोन घेतला आणि त्याच्यासमोरच कॉलेजला लावला. ऑफिसातल्या बाईंनी उचलला.

"हो, मीच. एक तारखेला हजर होतेय. नाही, अडचण काही नाही. राहायचं बघते मी. बरं."

फोन ठेवला. तो उठून बसला होता.

"कुणाला विचारून?"

"तुझ्या पायांना विचारत होते इतके दिवस. बास झालं."

"आणि दुकान?"

"तुझं आहे. शटर डावीकडे अडकतं, जरा उचलून ढकल."

"डोळे कोण तपासणार?"

"तूच. खुर्चीत बसवायचं, समोरचा तक्ता वाचून घ्यायचा, मग हातात जवळचं कार्ड द्यायचं."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते कार्ड मला..."

"दिसायची काय गरज आहे? पाठ आहे तुला ते."

"आणि चुकलो तर?"

"तर गिऱ्हाईक तोंडावर सांगेल. त्यांना दिसत नाही, पण बोलता येतं सगळ्यांना."